दीड मीटरचा पट्टा

जून संपला आणि शाळेने विहानला दोन महिन्यांसाठी त्याच्या आईच्या, रंभाच्या ताब्यात दिलं. सोबत एक पत्र दिलं. पत्र इंग्रजीत होतं आणि फार गोड होतं. सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापिका जैनब मॅडम तिसरीच्या वर्गात येऊन विहानला बघतील. एक तास, म्हणजे चाळीस मिनिटं, तो आपल्या जागेवर बसू शकतो का, एवढंच त्यांना बघायचं आहे. बसू शकत नसल्यास मुलाच्या हितासाठी पालकांनी अन्यत्र योग्य ती सोय बघावी.

रंभाच्या नवऱ्याने, धनंजयने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "हितासाठी लिहिलंय म्हंजे काढला."

त्याच्या कंपनीतही माणसाला घरी पाठवताना असंच लिहायचे.

अन्यत्र म्हणजे कुठे, हे त्याने बोलायची गरज नव्हती. अन्यत्र म्हणजे वाळव्याकडचं त्याचं गाव. तिथे त्याची आई ठकुबाई होती, दोन खोल्या होत्या, झेडपीची शाळा होती. रंभा आणि विहान तिकडे जातील, आणि धनंजय इकडे आखातात बॅचलर होऊन कंपनीच्या कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत राहील, असं ठकुबाईने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. मोकळं रान आहे, पोरगं हवं तेवढं पळेल, दमेल, शांत होईल, हे ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगायची.

ते मोकळं रान रंभाने गेल्या वर्षी बारा दिवस बघितलं होतं. पहिल्या दिवशी विहानने शेजाऱ्यांच्या शेळ्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चालू करून एका माणसाच्या वाळत घातलेल्या मिरच्या भिजवल्या. बारा दिवसांत त्याला अकरा जणांनी मारलं, त्यातले चौघे नात्यातलेही नव्हते. दुबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एडीएचडी आहे असं चार पानांवर लिहून दिलं होतं, ती पानं गावात कुणी मागितली नाहीत. तिथल्या देवऋषाने पाच मिनिटांत निदान करून दंडाला काळा दोरा बांधला. परतीच्या विमानात विहान तीन तास मांडीवर हात ठेवून गप्प बसला. किती शहाणा मुलगा म्हणून हवाईसुंदरीने त्याला चॉकलेट दिलं. ते चॉकलेट त्याने खाल्लं नाही. हे पोरगं पुन्हा असं शहाणं होऊ द्यायचं नाही, असं रंभाने तेव्हाच ठरवलं होतं.

तर प्रश्न चाळीस मिनिटांचा होता आणि तयारीला आठ आठवडे होते.

शारजात अल नहदाला अकराव्या मजल्यावर त्यांचा अर्धा फ्लॅट होता. बेडरूम यांची, हॉल जॅकलीनचा. जॅकलीन वसईची, दुबईच्या एका हॉटेलात रूम साफ करणाऱ्या बायकांवर सुपरवायझर होती. स्वयंपाकघर आणि बाथरूम दोघींत. धनंजय पहाटे पावणेपाचला कंपनीच्या बसने दुबईतल्या अल क्वोजला निघायचा, कारण पाचला निघालं तर ट्रॅफिकमध्ये दीड तास जायचा, आणि रात्री साडेआठला यायचा. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. खालच्या पार्कातली घसरगुंडी दुपारी हात लावला तर सोलून काढायची. संध्याकाळी सातनंतर सगळ्या टॉवरमधली पोरं तिथे सोडली जायची आणि नऊला परत गोळा केली जायची. उरलेला दिवस विहान आणि रंभा एका खोलीत असायचे.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर शेवटी आईसाठी दोन ओळी होत्या. संगोपन करणाऱ्याने रोज वीस मिनिटं स्वतःसाठी काढावीत. रंभा ती बाथरूममध्ये काढायची. दाराखालच्या फटीतून विहानची चार बोटं आत यायची आणि बाहेरून प्रश्न यायचे. माशांना तहान लागते का. लिफ्टमध्ये किती माणसं बसली तर ती पडते. तू आत मेलीस का. वीस मिनिटांची कधी चार व्हायची, कधी तीन.

आणि रंभाला काम होतं. कॅम्पातल्या सांगली-साताऱ्याकडच्या चाळीस माणसांसाठी एक मेसवाला डबे पुरवायचा, त्याच्या पोळ्या रंभाकडे होत्या. रोजच्या एकशेसाठ. दुपारी एकला कणीक मळायला घ्यायची आणि साडेपाचला त्याची गाडी खाली यायच्या आत पोळ्या डब्यात असायच्या. मिनिटाला एक पोळी, हा तिचा वेग होता. लाटायची, टाकायची, उलटायची, फुगली की काढायची, तोवर दुसरी लाटलेली. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उन्हात माणसं कामाला लावायची नाहीत असा इथला कायदा आहे. धनंजयच्या कंपनीत तो पाळायचे. रंभाला तो लागू नव्हता, कारण तिचा ओटा उन्हात नव्हता.

ओट्यावरचा एग्झॉस्ट फॅन मार्चमध्ये बंद पडला होता. मेन्टेनन्सवाल्याला विचारलं की तो इन्शाल्ला म्हणायचा. त्यामुळे गॅस पेटवला की खिडकी उघडी ठेवावी लागायची. खिडकीखाली वॉशिंग मशीन होतं. आणि विहानला आतापर्यंत जगात अशी एकही वस्तू भेटली नव्हती, जिच्यावर त्याला चढावंसं वाटलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वॉचमन अबुजर वर आला. तो भला माणूस होता. दार वाजवून दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, "भाभी, ऊपर से आटा गिरता है."

रंभा खाली गेली. एका पांढऱ्या लँडक्रूझरच्या बॉनेटवर कणकेचे सहा गोळे पडले होते. त्यातले दोन बऱ्यापैकी भाजले होते. रंभाने ते खरवडून काढले, फडक्याने बॉनेट पुसलं आणि चटके बसलेले हात ओढणीत गुंडाळून वर आली. विहान वॉशिंग मशीनवर उभा होता. कबुतरांना भूक लागली होती, असं त्याने इंग्रजीत समजावून सांगितलं. गोळे टाकताना तो खिडकीतून किती बाहेर गेला होता, ते तिने विचारलं. त्याने कमरेपाशी हात लावून दाखवला.

त्या दिवशीच्या शेवटच्या पन्नास पोळ्या तिने एका हाताने विहानचं मनगट धरून केल्या. त्या कुणी बघितल्या असत्या, तर वेगवेगळ्या देशांचे नकाशे वाटले असते.

धनंजय उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या कंपनीत सेफ्टी स्टोअरला होता. सकाळी माणसांना पट्टे चढवायचे, हूक तपासायचे, संध्याकाळी ते मोजून परत घ्यायचे, हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्याचा एकही माणूस पडला नव्हता आणि याबद्दल त्याला कंपनीने भिंतीवरची दोन घड्याळं दिली होती. कबुतरांची हकिकत त्याने जेवता जेवता ऐकली. ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी येताना पिशवीतून एक पट्टा घेऊन आला. पिवळा, छातीवरून खांद्यावरून जाणारा, मागे लोखंडी कडी. सोबत दीड मीटरचा जोडपट्टा, दोन्ही टोकांना हूक. त्याची मुदत संपली होती. मुदत संपलेला पट्टा कापून टाकायचा असतो, म्हणजे तो चुकून कुणी वापरत नाही. हा त्याने कापला नव्हता.

"वर्षाला हजार माणसं टांगतो मी," तो म्हणाला. "एक पोरगं टांगता येत न्हाई व्हय?"

विहानला पट्टा चढवला. सगळे पट्टे आवळून उरलेली टोकं पाठीवर गाठ मारून बांधली. विहान खूश झाला. आपण पप्पांच्या कंपनीत लागलो असं त्याला वाटलं. आता दुसरं टोक कशाला लावायचं, हा प्रश्न आला. धनंजयने स्वयंपाकघराची पाहणी केली. गॅसचा पाइप नको. दाराची कडी स्क्रूवर होती. सिंकखालचा पाण्याचा पाइप त्याने दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि नापास केला. कपाट भिंतीतून निघून येईल म्हणाला. वॉशिंग मशीन त्याने खिडकीखालून ओढून बाहेर पॅसेजमध्ये नेलं, पण हूक लावायला तेही चालणार नव्हतं, कारण त्याला चाकं होती. खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने सगळीकडे बघितलं. मग त्याची नजर रंभावर थांबली.

ती रोज एक ते साडेपाच एका जागी उभी असायची. पंचाहत्तर किलो होती. हलत नव्हती.

कमरेचा पट्टा त्याने दुसऱ्या दिवशी आणला. तो तिला मागून बांधायचा होता, म्हणजे पुढे ओट्याला बकल घासणार नाही. बांधून झाल्यावर त्याने तिला दोनदा मागे ओढून बघितलं, जसं तो रोज सकाळी माणसांना बघायचा, आणि ओके म्हणाला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ठकुबाईला ते दाखवलं. तिला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. शेतात भांगलायला जाताना ती धनंजयला बाभळीला लुगड्याने बांधून ठेवायची, आणि तो मुंग्या मोजत बसायचा.

"आमी झाडाला बांधायचो," ती म्हणाली. "तू रंभेला बांधलंस. बरं केलंस, सावली तरी हाय."

ठकुबाईने हे कौतुकाने म्हटलं होतं, त्यामुळे रंभाने ते कौतुक म्हणून घेतलं.

तर जुलैभर रोज दुपारी एक वाजता रंभा स्वतःला पट्टा बांधायची, विहानला पट्टा चढवायची आणि दोघांच्या मध्ये हूक लावायची. विहान ओल्या फडक्याने फ्रिजची काच धुतो म्हणायचा. फ्रिजला काच नव्हती. तो दीड मीटर जायचा आणि हिसका बसायचा. मग दुसऱ्या दिशेला दीड मीटर. एक हिसका बसला की लाटणं सरकायचं आणि पोळीला शेपूट फुटायचं. चुकीच्या वेळी बसला की तव्याला मनगट लागायचं. पहिल्या पंधरवड्यात उजव्या हाताला तीन डाग पडले. कमरेवर पट्ट्याखाली घामोळं उठलं, ते फुटलं, त्यावर पावडर टाकून पुन्हा पट्टा. तवा आणि खिडकी यांच्यामधली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम होती, एवढाच खिडकीचा उपयोग. घाम भुवईवरून डोळ्यांत जायचा, हात पिठाचे, म्हणून ती खांद्याने डोळे पुसायची. मागून प्रश्न चालूच. कबुतर किती वर्षं जगतं. पोळी का फुगते. आत कोण असतं.

एके दिवशी तिने उत्तर दिलं, की तू बसलास तर फुगते.

तो बसला. खाली फरशीवर, पाठ कपाटाला टेकून. पोळी फुगली, कारण ती फुगणारच होती. दुसरी फुगली. नऊ पोळ्यांपर्यंत तो बसला आणि मग त्याला फ्रिज आठवला. पण रंभाला हिशेब सापडला होता. मिनिटाला एक पोळी, म्हणजे शाळेचा तास चाळीस पोळ्यांचा. तिने ते त्याला सांगितलं. चाळीस पोळ्या बसायचं. रोज थोडी थोडी वाढवायची. बसला असेल तेव्हा मागे वळून बघायचं नाही, हा नियम तिने स्वतःला घातला, कारण वळून बघितलं की तो बोलायला लागायचा, आणि बोलायला लागला की उठायचा. पाठीवर पट्ट्याचा ताण कळायचा. ताण आहे, हलत नाही, म्हणजे पोरगं बसलंय.

नऊच्या अकरा झाल्या. एकदा चौदा. मग दोन दिवस तीनवर आलं. मग सोळा.

मधल्या काळात विहानला हूक उघडता येऊ लागला. तो हूक असा असतो, की मागची पट्टी आणि पुढचं तोंड एकदम दाबल्याशिवाय उघडत नाही. धनंजयच्या स्टोअरला नवीन माणसाला ते शिकायला अर्धा दिवस लागायचा. विहानला चौथ्या दिवशी आलं. धनंजयला रागही आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याने तो हूक स्वतःच दोनदा तपासून बघितला. विहान उघडायचा आणि पुन्हा लावायचा. पुन्हा लावतो आहे, एवढ्यावर रंभाने समाधान मानलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी विहान बसला. रंभाने मोजायला सुरुवात केली. दहा झाल्या. वीस झाल्या. एवढा वेळ तो कधीच बसला नव्हता. मागून प्रश्नही येत नव्हते. ती पाय बदलताना कमरेला हलका ताण लागत होता. चोविसाव्या पोळीला तिला वाटलं, झोपला असेल. तिसाव्या पोळीला वाटलं, झोपला तरी चालेल, बसून झोपला तर मॅडम बसलाच म्हणतील. छत्तीस. तिने लाटणं हळू आवाजात फिरवायला घेतलं. सदतीस, अडतीस. मनात ती जैनब मॅडमसमोर बसली होती आणि मॅडम हसत होत्या, आणि ठकुबाईला फोनवर सांगत होती, की न्हाई आई, आम्ही इथंच हाय. एकोणचाळीस. चाळिसावी पोळी टम्म फुगली. ती काढून रंभाने मागे न वळताच म्हटलं, "शाब्बास माझ्या वाघा."

मग ती वळली.

पिवळा पट्टा फरशीवर काढून ठेवला होता, घडी करून. जोडपट्ट्याचं दुसरं टोक सिंकखालच्या पाण्याच्या पाइपाला लावलं होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. खिडकी उघडी होती.

ती खिडकीकडे गेली. पट्ट्याने तिला मागे ओढलं. चौकट हाताला लागत होती, पण वाकून खाली बघायला दोन हात कमी पडत होते. तिने पुन्हा जोर लावला. पाइप करकरला. धनंजयने नापास केलेल्या पाइपाने रंभाला व्यवस्थित धरून ठेवलं.

मागे हात घालून तिने कमरेचं बकल शोधलं. घामोळ्यावर सरकू नये म्हणून तिनेच ते दुपारी शेवटच्या भोकात घातलं होतं. बोटं तेलाची, पिठाची. ती सिंकखाली बसली, हूक धरला. रोज हात धुऊन, सावकाश जमायचं ते आता जमेना, मागची पट्टी दाबली तर तोंड निसटायचं, तोंड दाबलं तर पट्टी. विहान हे डोळे मिटून करायचा. सुरी घेऊन तिने पट्ट्यावर फिरवली. तो पट्टा बावीस माणसांचं वजन पेलतो म्हणून धनंजय सांगायचा, त्यावर कांद्याच्या सुरीने पांढरी रेघ उठली. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता. ओरडावं तर अख्खी बिल्डिंग येईल आणि हे बघेल. विहान असेल तिथून ऐकेल, की ऐकायला विहान नसेलच. तिने तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही.

मग ती ऐकू लागली. खाली काही झालं असेल तर माणसं ओरडतील. अकराव्या मजल्यावर खालचं ओरडणं येतं का, हे तिला माहीत नव्हतं. पोरगं रोज इतके प्रश्न विचारायचं, हा एक त्याने कधी विचारला नव्हता. गाड्यांचे हॉर्न येत होते. कुणाच्या तरी एसीचं पाणी ठिबकत होतं. तव्यावरची पोळी आधी काळी झाली, मग तिचा धूर झाला. रंभा सिंकखाली गुडघ्यांवर बसून हूक दाबत होती, सुटला की पुन्हा दाबत होती, आणि किती वेळ झाला ते तिला कळत नव्हतं, कारण पोळ्या थांबल्या होत्या.

बाहेरच्या दाराशी जॅकलीनचा आवाज आला. दार उघडं कसं, असं ती विचारत होती. कुणाला विचारते, हे ऐकायला रंभाने हूक सोडला.

"आय ओन्ली वेंट टू द लिफ्ट," विहान म्हणाला.

जॅकलीन ड्यूटीच्या युनिफॉर्ममध्येच स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने आधी गॅस बंद केला. मग खाली बघितलं. विहान तिच्या हाताखालून आत आला, सिंकखाली वाकला, दोन बोटांनी हूक उघडला आणि आईच्या हातात दिला.

"प्रेस बोथ टुगेदर, मम्मा. इट्स ईझी."

रंभाने त्याला मारायला हात उचलला. तो हात त्याच्या डोक्यावर पडला आणि तिथेच राहिला. त्याच्या केसांत पीठ लागलं.

जॅकलीनने सांगितलं ते असं. अबुजरने त्याला लिफ्टमध्ये आपलं स्टूल दिलं होतं. त्यावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला व्हिच फ्लोअर विचारत होता आणि बटण दाबत होता. कुणी फहद म्हणून सहाव्या मजल्यावरचा आहे, त्याने त्याला एक दिरहमही दिला. "अर्धा तास तरी झाला असेल, अबुजर म्हणाला. एकदाही उठलं नाही पोरगं."

"फॉर्टी मिनिट्स," विहानने दुरुस्ती केली. "आय काउंटेड. यू सेड फॉर्टी."

जॅकलीन फरशीवरचा पिवळा पट्टा बघत होती. तिने तो पायाने बाजूला सरकवला. "शाळा सुरू झाली की पोरं सुट्टीचं चित्र काढतात," ती म्हणाली. "हा काय काढेल, त्याचा विचार कर रंभा. इथे त्यावर पोलीस येतात."

"खिडकीतून पडला तर न्हाई येत व्हय?" रंभा म्हणाली.

जॅकलीनने युनिफॉर्मच्या बाह्या वर केल्या, हात धुतले आणि उरलेली कणीक पुढे ओढली. सत्तावीस पोळ्या तिने केल्या. वसईच्या हाताच्या, जाड. कॅम्पातून त्याबद्दल दोन तक्रारी आल्या.

रात्री रंभाने पट्टे धनंजयच्या समोर ठेवले आणि कचऱ्यात टाकणार म्हणाली. धनंजयने सगळं ऐकलं. बराच वेळ पाइप बघून आला. मग म्हणाला, असे टाकता येत नाहीत. कात्री घेऊन त्याने नियमाप्रमाणे दोन्ही पट्ट्यांचे तुकडे केले, हूक वेगळे काढले. एक हूक त्याच्या हातातून घेऊन विहान झोपेपर्यंत उघडझाप करत होता.

उरलेले पंधरा दिवस स्वयंपाकघराची खिडकी बंद राहिली. रंभाने धुरात पोळ्या केल्या.

शाळा सुरू झाली. जैनब मॅडम वर्गात येऊन बसल्या. विहान चौदा मिनिटं बसला, मग उठून प्रत्येक बाकाशी जाऊन व्हिच फ्लोअर विचारून आला. मॅडमनी रंभा आणि धनंजयला आत बोलावलं. त्या खरोखरच चांगल्या होत्या, पाणी विचारलं, एसी कमी केला. मुलगा हुशार आहे म्हणाल्या. त्याला फक्त शेजारी बसणारं एक माणूस हवं, शॅडो म्हणतात त्याला. शिकलेली शॅडो महिन्याला चार हजार दिरहमला येते.

"ब्याण्णव हजार रुपये," धनंजय स्वतःशीच म्हणाला. त्याचा पगार पाच हजार दिरहम होता. त्याने पत्राची घडी हातात घेतली, आणि रंभाला कळलं, की त्याच्या मनात तिकिटं काढून झाली.

मॅडम म्हणाल्या, परवडत नसेल तर एक वर्ष घरचं कुणी बसलं तरी शाळा चालवून घेईल. आई असली तर उत्तमच. रोज सात पंचवीस ते दीड.

"मी बसते," रंभा म्हणाली. धनंजयने तोंड उघडायच्या आत म्हणाली.

घरी येताना बसमध्ये त्याने पोळ्यांचं काय म्हणून विचारलं. दोनला पोचून साडेपाचपर्यंत होतील, ती म्हणाली, कणीक मळून एकशेचाळीस मिनिटं उरतात, मिनिटाला एक केली तर वीस कमी पडतात, वेग वाढवीन. खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "दमशील न्हवं?" तो प्रश्न आहे असं तिला वाटलं नाही.

सोमवारी शाळेच्या ऑफिसात तिचं ओळखपत्र तयार होतं. व्हिसाच्या कागदावरचाच फोटो, त्याखाली नाव, त्याखाली शॅडो. ते निळ्या पट्ट्याला लावलेलं होतं, टोकाला छोटा हूक. ऑफिसातल्या मुलीने तो तिच्या गळ्यात घातला आणि नीट बसला का म्हणून एकदा ओढून बघितला. शाळेत असेपर्यंत काढायचा नाही, असं सांगितलं.

तिसरीच्या वर्गातल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या होत्या. रंभा विहानच्या शेजारी बसली तेव्हा तिचे गुडघे छातीशी आले. पहिला तास गणिताचा होता. बाई फळ्यावर लिहू लागल्या. विहान बसला. रंभाने मनात मोजायला घेतलं. हाताला लाटणं नव्हतं, तरी हात मांडीवर गोल फिरत होता. पाच. सहा. खुर्चीची कड कमरेच्या त्याच जागी घासत होती. दोनला पोचून कणीक मळायची. गॅस संपत आला होता. मेसवाल्याला फोन करायचा राहिला. अकराव्या पोळीला तिने पाय बदलला. अठराव्या पोळीला खुर्ची वाजली. विसाव्या पोळीला तिला पाणी प्यावंसं वाटलं, मग खिडकीबाहेर काय आहे ते बघावंसं वाटलं. सत्ताविसाव्या पोळीला ती उठून उभी राहिली होती. कशासाठी, ते तिला आठवेना.

वर्गातली अठ्ठावीस पोरं तिच्याकडे बघत होती. बाईंचा खडू थांबला होता. बाईंनी दाराजवळ येऊन बसलेल्या जैनब मॅडमकडे बघितलं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

विहानने तिच्या गळ्यातला निळा पट्टा हळूच खाली ओढला.

"सिट डाऊन, मम्मा," तो कुजबुजला. "ओन्ली थर्टीन पोळ्या लेफ्ट."

रंभा खाली बसली.